पंचतारांकित आंघोळीसाठी काही सूचना

डिसेंबरच्या अखेरीस ग्वाल्हेरचा व्यापार मेळा रंगात येतो, पारा पाच अंशांच्या आसपास घुटमळू लागतो आणि शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये नवा गीझर घेण्याचा विषय निघतो. आपणही हीच वेळ साधावी. ज्याला सकाळी गार पाण्याचा तांब्या अंगावर घ्यावा लागला आहे, तो संध्याकाळी मेळ्यात फारसे प्रश्न विचारत नाही. 1905 साली माधवराव शिंद्यांनी हा मेळा सुरू केला, तेव्हा तो मुख्यतः गुरांचा होता, आणि म्हैस घेणारा शेतकरी तिचे दात पाहून, वेत विचारून, ती खाते किती आणि दूध देते किती याचा हिशेब केल्यावरच कासऱ्याला हात घालत असे. गीझर घेताना असले गावंढळ प्रश्न आपल्याला शोभणार नाहीत. आपण फक्त तारे मोजावेत.

विक्रेता टाकीवर टिचकी मारील आणि लेबलावरच्या पाच ताऱ्यांवरून बोट फिरवील. त्या बोटाखाली बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, तो वाचू नये. वाचलाच तर कळते, की साठवणीच्या गीझरला तारे मिळतात ते एकाच गुणावर: आतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा 45 अंशांनी गरम ठेवायचे झाले, तर बंद टाकीतून चोवीस तासांत किती ऊर्जा निसटून जाते. पाणी तापवण्याच्या कामात मात्र एकतारी आणि पंचतारी सारखेच, कारण विजेची कांडी घेतलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची उष्णताच करते. पंचवीस लिटर पाणी 15 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 1.3 युनिट लागतात. त्यात घासाघीस करण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

यातून एक अडचण उभी राहते. आंघोळीआधी पाऊण तास गीझर लावायचा, पाणी काढून घ्यायचे आणि बटण बंद करायचे, अशी ज्या घराची जुनी शिस्त आहे, तिथे त्या पाच ताऱ्यांना दिवसभर काही कामच उरत नाही, आणि ज्यांचे जादा पैसे मोजले त्यांना असे बसवून ठेवणे कोणत्याही व्यवहारी माणसाला पटणार नाही. म्हणून पंचतारी गीझर अहोरात्र चालू ठेवावा. तापमानाची कळ शेवटच्या टोकाला फिरवून ठेवावी, म्हणजे उष्णता अधिक वेगाने निसटेल, टाकीत क्षारही लवकर धरतील आणि ताऱ्यांचा कस लागेल. मग त्या उकळत्या पाण्यात तितकेच गार पाणी मिसळून आंघोळ करावी. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हातावरही घेववत नाही, तेव्हासुद्धा न्हाणीघरातला लाल दिवा विझू देऊ नये.

आकार ठरवताना नरकचतुर्दशी डोळ्यांसमोर ठेवावी. पुण्याहून आलेली वन्सं, इंदूरचे भाऊजी, त्यांची मुले आणि उटणे लावून रांगेत बसलेले घरचे सगळे सूर्योदयापूर्वी न्हाऊन निघाले पाहिजेत, तेव्हा पन्नास लिटरांखाली बोलूच नये. वर्षाचे उरलेले दिवस त्या टाकीपुढे दोन म्हातारी माणसे आणि दोन बादल्या असतील, पण सणाला कमी पडले असे कुणी म्हणता कामा नये. याउलट टीचभर जागेत बसणारा तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर आवडला, तर मिनिटाला तीन लिटरांच्या धारेत तो पाणी जेमतेम 14 अंशांनी तापवतो, ही गोष्ट जानेवारीपर्यंत मनात आणू नये. जानेवारीत ती आपोआप कळते.

जागेचा निर्णय प्लंबरवर सोपवावा. तो गीझर गच्चीजवळ बसवील आणि खालच्या न्हाणीघरापर्यंत चाळीस फूट उघडा नळ भिंतीवरून आणील. अर्ध्या इंची नळात तेवढ्या लांबीत दीड-दोन लिटर पाणी मावते. ते प्रत्येक वेळी आधी गार येते, मोरीत सोडून द्यावे लागते, आणि मागून आलेले गरम पाणी तोटी बंद झाल्यावर नळातच निवते. या नळाला वेष्टण घालण्याचा खर्च गीझरच्या मानाने इतका किरकोळ असतो, की तो करण्यात प्रतिष्ठा नाही.

आता घरात एखादा भाचा इंग्लंडात असेल, तर तो फोनवर कंडेन्सिंग बॉयलरचे नाव घेतल्याशिवाय राहणार नाही. त्याचे म्हणणे आदराने ऐकावे. तिकडे 2005 पासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर बहुतेक घरांना याच जातीचा घ्यावा लागतो. गॅस जळताना तयार झालेली वाफ धुराड्यातून फुकट जाऊ न देता तिचे पाणी करायचे आणि त्यातून सुटणारी उष्णता परत घरात घ्यायची, अशी ती युक्ती आहे. युरोपातल्या काही पत्रकांत तर कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्याही वर छापतात, कारण वाफेतली उष्णता हिशेबात न धरता काढलेल्या आकड्याने ते भागतात. हे गणित आपल्याकडच्या मेळ्यात अजून पोचलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मात्र घर उबदार ठेवायला बॉयलरमधून निघून घरभर फिरून परतणारे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच वाफेचे पाणी होते. तेव्हा ज्या घरात कळ ऐंशीवर ठेवलेली असते, तिथे तो महागडा बॉयलर साध्यासारखाच चालतो. गोऱ्या साहेबाचेही आपल्यासारखेच चालले आहे, हे ऐकून बरे वाटते. शिवाय वाफेचे ते आम्लधर्मी पाणी बाहेर नेणारी नळी ऐन कडाक्याच्या थंडीत गोठते आणि बॉयलर बंद पडतो. भाच्याचा फोन मग हीटर लावून येतो.

माळ्यावरचा तांब्याचा बंब मात्र या प्रसंगी खाली काढावा. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी अशी त्याची रचना होती, आणि त्याचीही बरीच उष्णता वरच्या तोंडातून धुराबरोबर निघून जात असे. चिंचेने लख्ख घासून दिवाणखान्यात ठेवला आणि आत मनीप्लँट लावला, तर तो घरातला सर्वांत कार्यक्षम बंब ठरतो, कारण आता त्याला काहीच लागत नाही.

गॅस गीझरबाबत मला थट्टा सुचत नाही. बंद न्हाणीघरात तो लावला, की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणसे आंघोळीला गेलेली परत येत नाहीत. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

सौर बंबाचा विचार कुणी मांडला, तर गच्चीवर दक्षिणेकडे पापड वाळतात असे सांगून तो मोडून काढावा. हवेतली उष्णता ओढून एका युनिटात तिप्पट काम करणारा हीट पंप किंमत ऐकूनच नाकारावा. किंमत वसूल व्हायला किती वर्षे लागतील, हा हिशेब फक्त न घेण्याच्या वस्तूंसाठी करायचा असतो.

बसवून झाल्यावर लेबल काढू नये, ते न्हाणीघराचे दार उघडताच दिसेल असे राहू द्यावे. पाहुण्यांनी महिन्याला किती युनिट जातात असे विचारलेच, तर ‘फाइव्ह स्टार आहे’ असे सांगून त्यांच्यापुढे चहा ठेवावा.