ती ‘शेवटची’ मूळ संख्या नाही, आणि कुलपाची किल्लीही नाही

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी ‘गिम्प्स’ या, स्वयंसेवकांच्या संगणकांवर अशा मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पातून एक मूळ संख्या शोधली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ज्ञात मूळ संख्यांमध्ये तेव्हा ती सर्वांत मोठी ठरली. बातमी खरी आहे. तिला चिकटून फिरणारा मजकूर मात्र खोटा आहे: ‘ही शेवटची मूळ संख्या. २ च्या घातांकात कुठलीही मूळ संख्या घाला, १ वजा करा, मूळ संख्याच मिळते. बँकांची सुरक्षा आता हिच्यावर चालणार.’

‘शेवटची’ असं काही नसतं, हे युक्लिडने दाखवलं आहे. पण त्याचा दाखला देताना पुष्कळ जण घसरतात. ‘सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून १ मिळवला की नवी मूळ संख्या’ असं तो म्हणत नाही. २×३×५×७×११×१३ + १ = ३००३१, आणि ते आहे ५९×५०९. बेरजेला यादीतल्या कुठल्याही संख्येने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून तिचा मूळ अवयव यादीबाहेरचा असतो. एवढंच, आणि तेवढं पुरतं.

दुसरं विधान ११ पाशीच कोसळतं. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३×८९. घातांक मूळ असायलाच हवा, पण तेवढ्याने भागत नाही. अशा संख्यांना ज्याचं नाव मिळालं त्या फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी दिली, तिच्यातही ६७ होता. १९०३ मध्ये गणिती कोल यांनी २ चा ६७ वा घात वजा १ या संख्येचे अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७.

मग ठरवायचं कसं? अशा संख्यांसाठीच्या लुकास-लेमर कसोटीने, आणि लहान संख्यांसाठी ती हातानेही करता येते. घातांक विषम मूळ घ्या. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मूळ आहे का ते तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचं. ३१ साठी (घातांक ५) ४, १४, ८, ०. शेवटी शून्य, म्हणजे मूळ. २०४७ साठी ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणजे संयुक्त. इथे एक जरी बाकी चुकली तरी पुढचं सगळं वाया जातं. ड्युरंट यांच्या संख्येला अशा तेरा कोटींहून जास्त पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीत कोट्यवधी अंकांचा वर्ग. म्हणूनच वेगवेगळ्या यंत्रांवर आणि वेगळ्या प्रोग्रॅमने फेरतपासणी करतात.

बँकांचं म्हणाल तर आरएसए या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीत २०४८ बिटच्या किल्लीला सुमारे ३०९ अंकी दोन मूळ संख्या लागतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जगजाहीर संख्या तिथे निरुपयोगी.

ड्युरंट यांच्या संख्येत अंक किती हे स्वतः पडताळायचं असेल तर घातांकाला २ च्या लॉगॅरिदमने (पाया १०) गुणा आणि पूर्णांक भागात १ मिळवा. पण ०.३०१०३ ने गुणू नका, ४,१०,२४,३२०.५ येतं आणि एक अंक जास्त मोजला जातो. ०.३०१०२९९९५६६ घ्या: ४,१०,२४,३१९.९४ येतं, म्हणजे ४,१०,२४,३२० अंक, पहिला अंक ८.