‘घाबरवण्याच्या उद्योगा’विषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

मानेतील रोहिणीची शस्त्रक्रिया किंवा स्टेंट झाल्यावर मेंदूकडे रक्ताचा अतिप्रवाह होऊ शकतो, या माझ्या लेखाला आपण ‘अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवण्याचा उद्योग’ म्हटले आहे. ही गुंतागुंत दुर्मीळ आहे, लेखकाकडे वैद्यकीय पदवी नाही आणि अशा लेखांमुळे रुग्ण शस्त्रक्रिया टाळतील, असेही आपले म्हणणे आहे. दुर्मीळतेचा मुद्दा मान्य आहे. शंभरांत साधारण १ ते ३ रुग्णांनाच हा त्रास होतो, आणि तो आकडा आता लेखाच्या आरंभी घेतला आहे. पदवीविषयी बोलण्यासारखे काही नाही. लेखातील कोणते विधान चुकीचे, हे आपण दाखवलेले नाही.

पण ‘उद्योग’? मतभेद असू द्यावेत, हेटाळणी कशासाठी? माझ्या वडिलांची रोहिणी नव्वद टक्क्यांहून अधिक अरुंद झाली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली, ते घरी आले आणि काही दिवसांतच त्याच बाजूच्या कानशिलात व डोळ्यामागे ठणका सुरू झाला. घरी सोडताना दिलेल्या कागदावर या लक्षणाविषयी एक ओळही नव्हती. आकडी आल्यावर धावपळ झाली, तेव्हा रक्तदाब भयंकर चढलेला होता. आपण यातून गेला असता, तर हा शब्द आपल्या लेखणीतून उतरला नसता.

यामागील कारण काल्पनिक नाही. दीर्घकाळ कमी दाबाने रक्त मिळाल्यामुळे मेंदूतील सूक्ष्म रोहिण्या पसरलेल्याच राहतात आणि दाब वाढल्यावर आकुंचन पावण्याची त्यांची क्षमता क्षीण होते. मग अडथळा दूर होताच पूर्ण दाब त्यांच्यावर येतो. प्रवाह पूर्वीच्या दुपटीवर गेला, तर सूज, आकडी आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. शिवाय रक्तदाब जोखणारी चेतातंतूंची टोके मानेतील रोहिणीला जिथे फाटा फुटतो आणि जिथे ही शस्त्रक्रिया होते, तिथेच असतात; तिथे इजा झाल्यास रक्तदाब आणखी अस्थिर होतो. अमेरिकी मेंदूशल्यविशारद थोरल्फ सुंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ सालीच याचे वर्णन केले आहे.

शस्त्रक्रिया टाळा, असे मी कुठेही लिहिलेले नाही. लेख पुन्हा वाचावा, एवढीच विनंती. रक्तदाब वेळीच आवरला, तर पुढचा अनर्थ बहुधा टळतो, आणि तो घरी मोजणाऱ्याला नेमके कशाकडे लक्ष द्यायचे हे ठाऊक असावे लागते. म्हणून अशा ठणक्याकडे लक्ष द्यायला सांगणारा, डोकेदुखीवरचा परिच्छेद मी लेखातून काढणार नाही.