चाक उचलायचं नसतंच

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरतोय: मोठ्या गाडीचं चाक घरी बदलणं हे बायकांचं किंवा साठी उलटलेल्यांचं काम नाही. दोन दणकट माणसं हवीत, जॅक पूर्ण वर घ्या, नटांना ग्रीस लावा, शेवटी पान्यावर उभं राहून आवळा. यातला एकही सल्ला धड नाही, आणि शेवटचे दोन तर धोक्याचे आहेत.

एसयूव्हीचं टायरसकट चाक 25-30 किलो भरतं, हे खरं. पण पाठ धरते ती कमरेत वाकून, हात लांब करून, भोकं जुळेपर्यंत ते अधांतरी धरताना. जॅक जितका वर, तितकं जास्त उचलावं लागतं! हवा भरलेलं चाक जमिनीपासून बोटभर सुटेल, एवढीच गाडी वर घ्या. चाक उभं घरंगळत हबसमोर (गाडीचा ज्या गोल भागावर चाक बसतं त्याच्यासमोर) आणा. टायरखाली कटावणी सारा, तिच्याखाली टायरला लागूनच लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून ठेवा आणि लांबचं टोक दाबा. एका हाताने कटावणी, दुसऱ्याने चाकाचा माथा सांभाळायचा. आधी सगळ्यात वरच्या स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यावर) चाक अडकवा, तिथला नट हाताने फिरवा. बाकीची भोकं आपोआप समोर येतात. हे एकट्या माणसाला जमतं, बाईला जमतं, आजोबांनाही जमतं. कटावणी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बघा.

चाकणला बनणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या गाड्यांना स्टड नसतात, सुटे बोल्ट असतात. तिथे चाक टांगायला आधारच नाही. बोल्टच्याच आट्यांची गाइड पिन वरच्या भोकात फिरवून घ्या, तिच्यावर चाक सरकवा, बाकीचे बोल्ट लावले की पिन काढा.

ग्रीस नको. आवळण्याचा ठरलेला जोर कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. वायर ब्रशने गंज झाडा, बस्स.

पान्यावर उभं राहणं त्याहून वाईट. 30 सेंटीमीटरच्या पान्यावर 70 किलोचा माणूस उभा राहिला, तर 200 न्यूटन-मीटरच्या वर जोर पडतो. बहुतेक कारना 100 ते 120 च्या आसपास पुरतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क रेंच (ठरवलेला जोर पडला की कळवणारा पाना) घ्या आणि गाडी खाली टेकवून समोरासमोरचे नट आवळा. काढतानाही नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे जमीन. सोसायटीच्या पार्किंगमधल्या रॅम्पवर हे काम करूच नका. पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात खचतात, तेव्हा जॅकखाली जाड प्लायवूड घाला. तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून विटा लावा, आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सारून ठेवा: जॅक घसरला तरी गाडी त्यावर टेकेल. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासा.