लिहून घेणार

खरेदीखताचा मसुदा हातात पडेपर्यंत मला मराठी येतं असा माझा समज होता. पहिलं वाक्य 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे' करत निघालं आणि पूर्णविराम भेटला तो थेट तिसऱ्या पानावर. मध्ये मी दोनदा चष्मा पुसला.

त्या वाक्यात मी 'लिहून घेणार' होतो. म्हणजे पैसे देणार मी आणि कागदावर 'देणार' समोरचा! माझ्या घराची 'सदरहू मिळकत' झाली होती, आणि ती मला 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह' मिळत होती. घर चौथ्या मजल्यावर. जल म्हणजे बहुधा बाथरूमच्या भिंतीतली ओल. तरू आणि तृण एका कुंडीत मावतील. पण निधी म्हणजे जमिनीत पुरलेलं धन. ते खणायला गेलो तर थेट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या पलंगावर उतरेन, आणि मग 'तोशीस' कोणाला लागेल हे वेगळं सांगायला नको. चतुःसीमेत तर 'पश्चिमेस मोकळी जागा' असं होतं. खिडकीतून बघितलं. खरंच हवा होती.

"वकीलसाहेब, हे तृण काढता येईल का?"

"काढाल हो. पण उद्या कोणी विचारलं, सगळ्यांच्या दस्तात आहे, तुम्हीच का काढलं, तर?"

एवढं उत्तर मला पटलं. कोर्टात टिकलेल्या शब्दाला हात लावायची हिंमत कोण करणार? शिवाय एका शब्दावर भरवसा नसतो, म्हणून 'वालीवारस', 'राजीखुशीने' अशी जोडपी. इंग्रजांचंही तेच. 1066 नंतर राज्य फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांचं आणि कोर्टाची भाषा फ्रेंच. मृत्युपत्राला 'विल' हा शब्द इंग्रजीतला, 'टेस्टामेंट' फ्रेंचमधून आलेला, दोन्ही लिहून मोकळे. शेवटी 1362 मध्ये तिथे कायदा झाला, की पक्षकारांना फ्रेंच कळत नाही, तेव्हा युक्तिवाद इंग्रजीत करा. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. हे वाचल्यापासून मला आमच्या वकीलसाहेबांचा राग येत नाही.

शेवटच्या पानावर मात्र अडलो. 'सदरहू दस्त वाचून, समजून, अक्कलहुशारीने सही केली असे.'

"साहेब, समजलेलं नाही मला. खोटं कसं लिहून देऊ?"

ते विचारात पडले. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच.

"मग 'समजले असे समजून' घालू या का?" म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं.

ते विनोद करत नव्हते.