इझी रनला १८० ची सक्ती कशाला?

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोळ्यांपुढे ठेवून मरीन ड्राइव्हला, शिवाजी पार्कात तयारी सुरू झाली की नवख्यांना दोन सल्ले हमखास मिळतात. "कॅडन्स १८० ठेव" आणि "इझी रन सावकाश कर." कॅडन्स म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं आणि इझी रन म्हणजे धाप न लागता आरामात धावणं. दोन्ही एकदम पाळायला गेलं की पावलांबरोबर वेगही चढतो आणि इझी रनचा टेम्पो रन, म्हणजे दमवणारा वेगाचा सराव, होऊन बसतो. माझं मत विचाराल तर इझी रनला आधी श्वास, मग पावलं आणि पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं) सगळ्यात शेवटी.

जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तिथून हा आकडा पसरला. तिथे जवळजवळ सगळे मिनिटाला १८० किंवा जास्त पावलं टाकत होते. पण ती शर्यत होती आणि धावणारे जगातले अव्वल! किलोमीटरला साडेसात मिनिटं घेणाऱ्याने तोच आकडा इझी रनला धरून बसू नये.

स्वतःचा आकडा काढा. दहा मिनिटं धावून अंग मोकळं झालं की सपाट रस्त्यावर ३० सेकंद फक्त उजवं पाऊल मोजा आणि चारने गुणा. ३९ आले तर कॅडन्स १५६. त्यात ५ टक्के वाढवून १६४ धरा, तेवढं पुरे. खरी मेख पुढे आहे: पेस साडेसातचाच राहिला पाहिजे. त्या वेगाला १५६ वर पाऊल साधारण ८५ सेंटिमीटरचं पडतं, १६४ वर ८१ चं. सगळा खेळ या चार सेंटिमीटरचा. पाय लांब पुढे टाकला की दर पावलाला ब्रेक लागतो आणि गुडघ्यावर ताण येतो. तो अंगाच्या जवळ पडू द्या. कोपरांचा झोका छोटा केलात की पावलं आपोआप छोटी होतात.

मेट्रोनोम (ठरावीक लयीत बीप देणारं ॲप) १६४ वर लावून एक मिनिट बीपबरोबर, तीन मिनिटं बीपशिवाय, असे पाच-सहा फेरे, आठवड्यातून दोनदा. पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर बीपवर काढले तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरते, कारण गुडघ्यावरचा काही भार तिकडे सरकतो. मुद्दाम चवड्यांवर धावणाऱ्यांचं तर हे ठरलेलंच दुखणं.

त्यात आपली दमट हवा. घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच पेसला हृदयाचे ठोके चढत जातात. अशा वेळी पेस बेलाशक सोडून द्या, आठ मिनिटांवर गेला तरी चालेल. ग्रुपवर टाकायच्या स्क्रीनशॉटसाठी इझी रन वाया घालवू नका. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली तर तो इझी रन नव्हे. मॅरेथॉनच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढावरही हाच नियम: लय तीच, पाऊल आणखी छोटं, पेस पडेल तेवढा पडू द्या.

घड्याळावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. मनगटावरचा सेन्सर कधीकधी पावलांनाच ठोके समजतो. गप्पा मारत धावताय, कॅडन्स १६४ आणि ठोकेही १६४ दिसताहेत, तर संशय घ्या. थांबा, मानेवर दोन बोटं ठेवून लगेच १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. आकडा बराच कमी आला तर घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर घट्ट बांधा. तरीही तसंच होत राहिलं तर छातीवर बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा घ्या.