गुरुजी, कादंबरी लिहायला घ्याच!

तर गुरुजी, यंदाच्या उन्हाळी सुट्टीत कादंबरी, हे ठरलं म्हणायचं. अभिनंदन! मनात धाकधूक ठेवू नका. कल्पित साहित्याचा तुमचा हात रोजचा आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला डोई 100 ग्रॅम तांदूळ, सहावीपासून 150, आणि महिनाअखेर हजेरी, शिजलेला भात व शिल्लक पोतं यांचा ग्रॅमपर्यंत जुळलेला मेळ. असं कथानक भल्याभल्यांना जमत नाही.

अडचण फक्त वेळेची. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 27: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. त्या 'सोडून'मध्ये तुमचे रविवार गेले. कादंबरी त्या यादीत नाही, म्हणूनच तिला मुहूर्त लागत नाही. 'आज सायंकाळी पाचपर्यंत कादंबरीची माहिती लिंकवर भरावी, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील' असं तालुक्याहून पत्र आलं असतं, तर तुम्ही चारलाच भरून मोकळे झाला असता. शेजारच्या शाळेची कॉपी करून का होईना.

कुणीतरी साने गुरुजींचा दाखला देईलच. 'श्यामची आई' त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पण तोवर अमळनेरची नोकरी त्यांनी सोडलेली होती, आणि त्या तुरुंगात केंद्रप्रमुखांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नव्हता. खांडेकर 1920 साली शिरोड्याच्या शाळेत रुजू झाले आणि पहिली कादंबरी आली 1930 साली. एकाच गावात दहा वर्षं! बदल्या ऑनलाइन व्हायच्या आधीच्या या गोष्टी.

नायक अर्थातच आदर्श शिक्षक. तो तुमच्यावर बेतलाय हे कळू नये म्हणून त्याला दोन इंच उंच करा. खलनायक मुख्याध्यापक ठेवायला हरकत नाही, फक्त मिशी काढून टाका. अजून गोपनीय अहवाल त्यांच्याच हातात आहे. शेवटी नायकाची बदली होते आणि अख्खं गाव एसटीपुढे आडवं पडतं. हा प्रसंग मी माझ्या हस्तलिखितात दोनदा घातलाय. एकदा कमी वाटला.

भाषा शुद्ध हवी. तुमच्या कादंबरीतली ऐंशी वर्षांची आजीसुद्धा चुलीपुढे बसून म्हणाली पाहिजे, "बाळा, वृक्षसंवर्धन हे आपले आद्य कर्तव्य आहे." प्रकरण संपलं की तात्पर्य द्या. वाचक मागच्या बाकावरचा असतो, सांगितल्याशिवाय त्याला काही कळत नाही. खाली रिकाम्या जागा दिल्या तर उत्तमच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्गातलं काही कादंबरीत येऊ देऊ नका. मला एकदा मोह झाला होता. चौथीला निबंध दिला होता, 'माझी दिवाळी'. आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊन मार्चमध्ये परत आलेल्या एका पोरानं लिहिलं:

'दिवाळीला आमी ट्याक्टरमदी होतो. आई म्हनली झोप कारखाना आला का उठवते. मी झोपलो नाही. फटाके लांब दिसले आवाज आला नाही.'

'आमी'ला लाल गोल. 'ट्याक्टरमदी'ला गोल. 'म्हनली'ला गोल. आकाशकंदील नाही, फराळ नाही, मुद्देच नाहीत. दहापैकी तीन दिले आणि शेरा मारला, 'विषयाला धरून लिही'. पोरगं वही घेऊन जागेवर गेलं. त्यानं रबर काढलं आणि पेनानं लिहिलेलं 'म्हनली' खोडायला लागला. कागद फाटला तेव्हा थांबला.

त्या रात्री माझं आठवं प्रकरण अडलं. नायकाच्या बालपणातली दिवाळी लिहीत होतो. रांगोळी झाली, उटणं झालं, करंज्या झाल्या, पण आवाज न येणारे फटाके काही केल्या डोक्यातून जाईनात. म्हणून सांगतो, असल्या गोष्टींपासून लांब राहा. एकदा का त्या वाटेनं गेलात, की टोळीच्या मुकादमानं आगाऊ दिलेली उचल येते, 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नसून नवरा-बायकोची जोडी हे सांगावं लागतं, आणि हजेरीपटावर त्या चार महिन्यांत कुणाच्या नावापुढे काय भरलं होतं हेही निघतं. तांदळाचा मेळ तर विचारूच नका. छापून आलेलं साहेब वाचतात हो!

तेव्हा आपलं एसटीपुढे आडवं पडलेलं गावच बरं. फक्त एक पथ्य पाळा. बदलीचा तो प्रसंग मे महिन्यात घ्या. दिवाळीनंतर घेतलात, तर आडवं पडायला गावात माणूस मिळायचा नाही.