खेळणी द्यावीत, खेळू देऊ नये

कंपनीचा वर्षाचा नफा ५ कोटींवर गेला? अभिनंदन. आता कंपनी कायद्याचं १३५ वं कलम तुमच्या दारात उभं आहे : गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी काढा. पाणी किचकट, आरोग्य रुक्ष. शिक्षण बरं, आणि त्यातही ‘खेळातून शिक्षण’ तर फारच बरं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ते लिहूनच ठेवल्यामुळे संचालक मंडळात कुणी शंका काढत नाही. मकरपुऱ्यात कारखाना आणि दांडिया बाजारात वाडा असणाऱ्या तमाम बडोदेकर दात्यांसाठी म्हणून ही चार शब्दांची मदत.

आधी मुहूर्त. एप्रिलपासून काहीही करू नका. जानेवारीत बैठक, फेब्रुवारीत तीन कोटेशनं आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो अंगणवाडीच्या दारात. ३१ मार्च चुकला की न खर्चलेली रक्कम सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते, त्यामुळे ही घाई कायद्याला धरूनच आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालणारा प्रकल्प त्याच कायद्यात बसतो, पण ते कलम कुणाला वाचून दाखवू नका. तीन वर्षं म्हणजे बेन (अंगणवाडीची ताई) शिकणार, मुलं सरावणार, आणि तुम्हाला दर वर्षी त्याच अंगणवाडीचे फोटो छापावे लागणार.

खरेदी पेटीची करा. एका पेटीत चाळीस प्रकार, प्रत्येकी एक नग. मुलं तीस, ट्रक एक. पाचव्या मिनिटाला दोघांच्या झिंज्या एकमेकांच्या हातात येतात आणि दहाव्या मिनिटाला बेन पेटी बंद करते. जाणकार उलट सांगतील : प्रकार चारच घ्या, पण ढिगानं. बिनरंगाचे लाकडी ठोकळे चार मुलांमागे शंभरेक तरी हवेत, कारण त्याहून कमी असले तर मनोरा गुडघ्याच्या वर जात नाही, पूल होत नाही, तीन ठोकळ्यांची आगगाडी होऊन खेळ संपतो. पण बिनरंगी ठोकळे फोटोत उठून दिसत नाहीत, तेव्हा जाणकारांना विचारूच नका. विद्यापीठाची चेतन बालवाडी तुमच्याच गावात आहे, तिकडे तर मुळीच फिरकू नका. (खेळण्यावर आयएसआय शिक्का मात्र खरोखर बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे आणि तीन वर्षांचं पोर रंग चाटतंच.)

पेटी उतरली की डेड स्टॉक रजिस्टरात प्रत्येक नगाची नोंद करून बेनची सही घ्या. ही सही फार गुणकारी. हरवलं तर जाब कोण देणार, हे एकदा कळलं की पेटी लोखंडी कपाटात जाते, किल्ली पदराला, आणि कपाट साहेब आल्यावरच उघडतं. त्यात बिचारीचं काय चुकलं? मुलांची वजनं, पोषण आहार, मोबाइलवरच्या नोंदी, घरोघरचे सर्व्हे, सगळं तिच्याच डोक्यावर, आणि मदतीला एक तेडागर, म्हणजे मुलांना घरून आणणारी मदतनीस. खेळ म्हणजे झीज. चिंचोके खिशातून घरी जातात, खडू मोडतात, ओल्या फडक्यात न ठेवलेली माती रातोरात वाळते, चित्रकोड्याचा एक तुकडा गटारात जातो आणि उरलेले अकरा निकामी होतात. अंदाजपत्रकात ‘हरवणे, मोडणे’ असा पाचवा हिस्सा ठेवला असता तर कपाट उघडं राहिलं असतं. तुम्ही तिथे शून्य लिहा. ऑडिटरला शून्य आवडतं.

माणसांवर खर्च करू नका. प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेनं आणखी एका शिक्षिकेचा पगार मागितला तर गंभीर चेहऱ्यानं सांगा, ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही.’ ती मर्यादा तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या कारभारी खर्चाला आहे, मुलांसोबत बसणाऱ्या बाईच्या पगाराला नाही. पण हे संस्थेला सहसा ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी चेक तुमच्याकडे असतो.

वाळूचा हौद कुणी सुचवला तर तातडीनं विषय बदला. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, पाऊण हात खोल खड्डा. तळाला दहा सेंटीमीटर खडी, म्हणजे पावसाचं पाणी मुरतं. खडीवर गोणपाट, म्हणजे वाळू खाली उतरत नाही. वर धुतलेली नदीची वाळू, ट्रॅक्टरची अर्धी ट्रॉली. रात्री जाळी टाकली नाही तर मांजरं तिथेच उरकतात, ही एकच खरी अडचण. बाकी एक बादली पाणी आणि निरनिराळ्या मापांचे मग दिले की पोरगी बुटक्या डब्यातलं पाणी उंच बाटलीत ओतते, ‘जास्त झालं’ म्हणते, परत डब्यात ओतते आणि गप्प होते. पुन्हा ओतते. गणित इथे सुरू होतं, पण त्याला पाटी कुठे लावणार?

पाटीवरून आठवलं. जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेलं प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही, असं नियम सांगतो. तेव्हा पाटी छोटी ठेवा आणि टी-शर्ट, पेटी, भिंत, घसरगुंडी सगळं कंपनीच्या रंगात रंगवा. घसरगुंडी पत्र्याची, तोंड पश्चिमेला. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी कुणी तिच्याजवळ जात नाही, रंग टिकतो. भिंतीवरची चित्रं पाच फुटांवर काढा. तीन वर्षांच्या मुलाचे डोळे त्या पाच फुटांच्या निम्म्या-पाऊण उंचीवर असतात खरे, पण फोटोत पाहुण्यांच्या मागे चित्र यायला हवं. अक्षरं इंग्रजी. घरी मराठी, गल्लीत गुजराती बोलणारं मूल ॲपल बघून शिकेलच काहीतरी.

उद्घाटनाच्या भाषणात सयाजीराव महाराज हवेतच : १८९३ ला अमरेलीत प्रयोग, १९०६ पासून संस्थानभर सक्तीचं शिक्षण. गिजुभाई बधेकांचं भावनगरचं बालमंदिर, तिथे घडलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक, हेही घ्या. फक्त बोर्डीच्या, म्हणजे ताराबाईंनी खेड्यातली बालवाडी सुरू केली त्या गावाच्या, अलीकडे थांबा. पुढे गेलात तर ताराबाईंनी महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया आणि पानांवर बालवाडी चालवली, हे सांगावं लागेल, आणि शिंपल्यांची तीन कोटेशनं मिळत नाहीत.

मग मोजमाप. प्रभाव-मूल्यांकनाची (खर्चाचा उपयोग झाला का हे तपासण्याची) सक्ती ज्यांना असा खर्च वर्षाला सरासरी १० कोटी किंवा जास्त करावा लागतो त्यांना आहे, तुम्हाला नाही; तरी करा. टॅबलेट घेऊन एक तरुण पाठवा, त्यानं मुलाला वीसपर्यंत आकडे म्हणायला लावावेत. आकडे पाठ करून घ्यायला दोन महिने पुरतात, त्या काळात खेळाचा तास बंद ठेवला की झालं. आलेख वर जातो. पुढच्या वर्षी विषय रोबोटिक्स घ्या. आधीच्या पेट्यांचं काय झालं असं कुणी विचारलंच, तर रजिस्टर दाखवा : चाळीसच्या चाळीस नग जागेवर आहेत, काहींच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा उघडलेल्या नाहीत.